अजून पिवळं आहे

कपाटातून शर्ट काढला आणि तो निळा निघाला. गडद नव्हे, फिकटच, पण पांढरा नव्हता हे नक्की. त्याने तो परत अडकवला आणि शेजारचा काढला. तोही निळा. त्याच्या शेजारचाही. सहा शर्ट, सहाही एकाच ताग्यातून शिवून घेतलेले, दुकानात उभं राहून 'पांढरा म्हणजे पांढराच हवा' असं बजावून घेतलेले, आणि आता सहाही निळे. काल संध्याकाळी डॉक्टरांनी उजव्या डोळ्यावरची पट्टी सोडली तेव्हा त्यांच्या खोलीत भिंत, पडदा, परिचारिकेचा कोट असं सगळं एवढं लखलखीत होतं की त्याला वाटलं, दवाखान्यातले दिवेच जोरकस असणार. घरी येईपर्यंत दिवेलागण झाली होती, डोळ्याला पाणी येत होतं, म्हणून तो लवकर आडवा झाला. आणि आता सकाळी साडेआठला, खिडकीतून सरळ उजेड येत असताना, तो बनियनवर कपाटासमोर उभा होता. दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखं त्याला वाटत होतं.

"अगं, हे शर्ट कुणाचे?"

"कुणाचे म्हणजे? माझे आहेत का?" बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली.

"निळे आहेत."

तिचे हात पुसायचे थांबले. मग तिने एक सुस्कारा सोडला. कधीची लपवलेली फुटकी बशी अखेर सापडली की माणूस सोडतो तसा. "दिसलं वाटतं," ती म्हणाली.

आणि मग तिने सांगितलं. चार-साडेचार वर्षांपूर्वी त्याने कटकट सुरू केली होती की शर्ट पिवळे पडतायत, नीट धुतले जात नाहीत. तिने साबण बदलला. मग गरम पाण्यात भिजवून बघितले. मग उन्हात दोन-दोन दिवस वाळवले. तरी हा आपला कॉलर बोटात धरून म्हणायचा, अजून पिवळं आहे. शेवटी तिने निळीची बाटली आणली. दोन थेंब टाकले तर हा एक आठवडा गप्प बसला. मग पुन्हा सुरू. मग चार थेंब. मग झाकणभर. "आता अर्धी बाटली लागते," ती म्हणाली, "माझी बोटं बघा."

"आणि लोक?"

"लोक काय! शेजारीण म्हणाली, यांना आकाशी फार शोभतं, कापड कुठलं?"

तो हसला. खरंच, पोट धरून हसला. डॉक्टरांनी ठसका लागू देऊ नका म्हणून सांगितलं होतं तरी. चार वर्षं आपण पांढरे शर्ट म्हणून छाती पुढे काढून आकाशी शर्टात गावभर हिंडलो, आणि वर दुसऱ्यांच्या कपड्यांना नावं ठेवली! मग त्याने डाव्या डोळ्यावर हात ठेवून शर्ट बघितला, मग उजव्यावर. डाव्या डोळ्याला, ज्याचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं, तो शर्ट पांढराशुभ्र दिसत होता. उजव्याला निळा. डावा, उजवा. डावा, उजवा. मोतीबिंदू पिकत जातो तसं डोळ्यातलं भिंगच पिवळं पडतं, हे डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं होतं आणि त्याने शहाण्यासारखी मान डोलावली होती. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं, हे वाक्य तर त्याने आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलं होतं.

"सांगितलं का नाहीस?" त्याने विचारलं.

"सांगून बघितलं एकदा. म्हटलं, अहो शर्ट पांढराच आहे, डोळे दाखवून या. तुम्ही म्हणालात, चाळीस वर्षं या डोळ्यांवर घर चाललंय, त्यांना नावं ठेवायची नाहीत. तीन दिवस नीट जेवला नव्हतात." ती वळली आणि जाता जाता म्हणाली, "त्यापेक्षा नीळ स्वस्त."

पण तोवर त्याचं हसू मावळलं होतं, कारण 'अजून पिवळं आहे' हे शब्द त्याला शर्टांवरून आठवत नव्हते. त्याला ते कारखान्यातल्या स्टुलावरून आठवत होते. ऑपरेशनच्या आधीचे अकरा दिवस तो ते स्वतःशीच पुटपुटत होता, हातात कापसाची काडी घेऊन, लाल मशीनसमोर.  त्याने हाताला लागला तो शर्ट चढवला, काळा चष्मा लावला आणि धुळीत जायचं नाही, वाकायचं नाही, असं बायको मागून ओरडत असताना जिना उतरला.

कारखाना म्हणजे मोठं काही नव्हे, घरामागच्या गल्लीतली एक लांबट खोली. वर पत्रा, उत्तरेला काचेची तावदानं. जुनी यंत्रं दुरुस्त करणारे शहरात पुष्कळ आहेत. चाकं फिरवून देतात, घंटा वाजवून देतात. रंग राखणारे फार नाहीत. लोक जुनं वजनाचं मशीन आणतात आणि म्हणतात, चकाचक करून द्या. हा म्हणायचा, चकाचक हवं असेल तर नवं घ्या. त्याचं काम निराळं. वर चढलेला मळ, धूर, नंतर कुणी फासलेले रंग, हे एक-एक पापुद्रा करून उतरवायचं आणि पहिला रंग जसा उरला असेल तसा उघडा करायचा. त्यात घाई केली की संपलं, कारण पहिला रंग एकदाच लावलेला असतो.

हे मशीन तीन महिन्यांपूर्वी आलं होतं. थंड पेयाच्या बाटल्या देणारं. वरच्या फटीत नाणं टाकायचं, दांडा ओढायचा, खालच्या कप्प्यात बाटली धडाम्‌कन येते. छातीएवढं उंच, खांदे गोलसर. ते बोटीच्या धक्क्यावर तिकीट खिडकीच्या बरोबर समोर उभं असे. आणि खिडकीच्या आत सव्वीस वर्षं बसत असे ती बाई, जिने ते आता आणलं होतं. पूल झाला, बोट बंद पडली, धक्क्यावरचं सामान भंगारात निघालं, तेव्हा लोकांनी बाकं नेली, घड्याळ नेलं. तिने हे नेलं. घरचे म्हणाले, म्हातारपणी हे काय खूळ! तो तिला मनातल्या मनात तिकीटबाई म्हणायचा. पहिल्या दिवशी ती स्टुलावर बसून म्हणाली होती, "मिस्त्री, नवऱ्याचं तोंड बघितलं नाही इतकं मी हे मशीन बघितलंय. गिऱ्हाईक नसलं की समोर हेच. शेवटची सहा वर्षं त्याला हिरवा रंग फासला मेल्यांनी, मला न विचारता. आत लाल आहे. मला तो लाल हवाय. आणि नवं करू नका. नव्या मशीनशी माझी ओळख नाही."

त्याला ती त्याच क्षणी आवडली होती. असं गिऱ्हाईक वर्षातून एखादंच येतं. त्याने दोन महिने घालवून हिरवा रंग उतरवला, नखाएवढा, नखाएवढा, आणि खालून लाल आला. जिथे हिरव्याने निघताना लाल ओढून नेला होता तिथे त्याने पुन्हा पुसता येईल अशा रंगाने बारीक ठिपके भरले. आणि मग दर्शनी बाजूला अक्षरं उमटली. कुणा पेंटरने हाताने काढलेली, पांढरी, वितीएवढी: थंडगार. त्या दिवशी त्याने काम थांबवून बायकोला बोलावून आणलं होतं. शेवटच्या र च्या शेपटीखाली रंगाचा एक ओघळ होता, पेंटरने घाईत ब्रश जास्त भरून घेतला असावा. तिकीटबाईला फोन करून सांगितलं तर ती फोनवर रडली. "ओघळ आहे? खरंच आहे? अहो, हिरवा लागेपर्यंत वीस वर्षं मी म्हणत होते, कुणीतरी तो पुसा!"

त्याने कुलूप काढलं. आत शिरल्यावर त्याने काळा चष्मा काढला. तावदानांतून उजेड सरळ मशीनवर पडला होता आणि पहिल्यांदा त्याला दिसला तो लाल. असा लाल त्याने या मशीनवर बघितलाच नव्हता. आत कुठेतरी किंचित जांभळ्याकडे झुकलेला, थंड, दमदार. तीन महिने आपण विटेच्या रंगाचं मशीन साफ करत होतो आणि खरं मशीन हे होतं. त्याला इतकं बरं वाटलं की क्षणभर तो कशासाठी आला तेच विसरला. मग त्या लालावर त्याला ठिपके दिसले. त्याने स्वतः भरलेले, तीसेक असतील, मातकट, अंगावर गोवर उठावा तसे. ठीक आहे, तो स्वतःशी म्हणाला, ते पुसता येतात. त्याचसाठी तसे भरतात. आणि मग त्याने, आणखी टाळता येईना म्हणून, अक्षरांकडे बघितलं.

र सुंदर होता. दुधावरच्या सायीसारखा, अंगात जराशी ऊब असलेला, ब्रशाच्या केसांच्या रेघांसकट. ओघळासकट. र ला त्याने फक्त एकदा, पहिल्या फेरीत, कोमट पाण्याने आणि थुंकीने धुतलं होतं. पिवळेपणा काढायच्या दुसऱ्या फेरीत त्याची पाळी यायच्या आदल्या दिवशी दवाखान्यातून फोन आला की तारीख अलीकडे आणली आहे, उद्याच या. म्हणून र वाचला. उरलेली तीन अक्षरं मात्र मेली होती. थं, ड आणि गा. कडेने अक्षरांखाली दिलेलं राखाडी अस्तर वर आलेलं, मध्ये खडूसारखं भुरकट पांढरं, ब्रशाची एकही रेघ शिल्लक नाही. त्याने जवळ जाऊन बोट फिरवलं. गुळगुळीत होतं. जिथे कुणा पेंटरचा हात लागला होता तिथे आता त्याचा स्वतःचा हात लागला होता, अकरा दिवस, सकाळ-दुपार.

पण मन असं लगेच मानत नाही. अक्षरांवर पिवळं वार्निश होतं, ते काढायलाच हवं होतं, कदाचित खालचा रंगच मुळात कच्चा असेल, असं त्याचं मन वकिलासारखं बोलत राहिलं. म्हणून त्याने फळीवरून डबा काढला. त्याला हे काम शिकवणाऱ्या उस्तादांची शिस्त होती ती: काडीला गुंडाळलेला कापूस वापरला की फेकायचा नाही, डब्यात क्रमाने मांडून ठेवायचा. कापूस काय घेऊन आला ते कापूस सांगतो. मळ आला की काळा, धूर आला की तपकिरी, वार्निश आलं की पिवळा, आणि रंग आला की थांबायचं. त्याने झाकण काढलं. वरच्या ओळी काळ्या. त्याखाली तपकिरी, मग राखाडी. आणि मग दुसऱ्या फेरीच्या ओळी, एकामागून एक, एकामागून एक, अकरा दिवसांच्या. सगळ्या पांढऱ्या. त्याने एक काडी उचलून उजेडात धरली. कापसात पांढऱ्या रंगाची भुकटी होती. पिवळं काही नव्हतंच. काडी उचलायची, बघायची, अजून पिवळं आहे म्हणायचं, पुढची घ्यायची. कोऱ्या कापसाशी ताडून बघावं हे त्याला एकदाही सुचलं नाही. कापूस पांढरा असतो हे काय ताडून बघायचं असतं! पिवळं त्याच्या स्वतःच्या डोळ्यात होतं आणि ते तो दुसऱ्याच्या अक्षरांतून खरवडून काढत होता.

तो स्टुलावर बसला. गल्लीत कुणीतरी सायकलला हवा भरत होतं, पंपाचा फुस्‌फुस्‌ आवाज येत होता. त्याला रडू येत नव्हतं. त्याला उस्ताद दिसत होते. तेही याच स्टुलावर, कारखाना तेव्हा त्यांचाच होता, आणि तो स्वतः बत्तीस वर्षांचा, लग्न झालेला, हात तयार झालेला, नाकावर माशी बसू न देणारा. उस्तादांनी त्याला सगळं शिकवलं होतं. थुंकीने मळ का सुटतो, कापूस कसा फिरवायचा, घासायचा नाही तर लोटायचा. "मळ काढायचा," ते म्हणायचे, "वय काढायचं नाही." आणि मग शेवटी शेवटी त्यांच्याकडे एका जुन्या भिंतीवरच्या घड्याळाची तबकडी आली, पांढरी, काळ्या आकड्यांची. उस्ताद तिच्यावर पंधरा दिवस बसले. हा मधूनमधून म्हणायचा, उस्ताद, झालं की. आणि उस्ताद म्हणायचे, "नाही रे, अजून पिवळं आहे." घड्याळवाला न्यायला आला, बरोबर दोन-चार माणसं. उस्तादांनी कापड बाजूला केलं. चार, पाच आणि सहा जवळजवळ गेले होते. कुणी काही बोलेना. तेव्हा हा बोलला. मोठ्याने बोलला. "उस्ताद, दुपार कुठे गेली?" लोक हसले. काय हसले! घड्याळवालासुद्धा हसला, ज्याचं नुकसान झालं होतं तो. उस्तादांनी कापूस डब्यात ठेवला, हात धुतले, आणि दाराशी जी लाकडी खुर्ची होती तिच्यावर जाऊन बसले. त्यानंतर चार वर्षं ते त्या खुर्चीवर येऊन बसत. चहा घेत, पेपर डोळ्यांजवळ धरून वाचत. काडी पुन्हा हातात घेतली नाही. सगळे म्हणाले, वय झालं, हात गेला. त्यानेही तेच म्हटलं. कारखाना त्याच्याकडे आला, लोक त्यालाच उस्ताद म्हणायला लागले. हात गेला नव्हता हो, तो आता मोकळ्या कारखान्यात पुटपुटला. हात शाबूत होता. त्या हातांनी पंधरा दिवस एका ठिकाणी एकसारखा कापूस लोटायचा, हे गेलेल्या हाताचं काम आहे का! पेपर डोळ्यांजवळ धरायचे ते मी रोज बघत होतो. मला डोळे होते ना तेव्हा? आणि त्या वेळी नाही तर नाही, निदान नंतर, एकटे असताना, त्या खुर्चीशेजारी बसून विचारता आलं असतं. उस्ताद, पिवळं म्हणजे कसं पिवळं दिसतं तुम्हाला? एवढंच. त्याने विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर कदाचित ते बरे होऊन परत स्टुलावर बसले असते. हेही त्याला आत्ताच कळत होतं असं नव्हतं. ते तेव्हाच माहीत होतं, फक्त त्याने कधी वर येऊ दिलं नव्हतं. ते आता वर आलं आणि त्याला स्वतःची फार लाज वाटली.

तिकीटबाई चारला येणार होती. ऑपरेशनच्या आधीच तिला सांगून ठेवलं होतं, डोळ्याचं उरकलं की बघायला या. घड्याळात अकरा झाले होते. हाताला काहीतरी काम हवं, म्हणून त्याने रंगाचे डबे काढले. ठिपके पुसले, नवा लाल केला; पहिल्याच मिश्रणात जमला. इतका जमला की भरलेली जागा त्याची त्यालाच सापडेना. दुपारपर्यंत गोवर गेला होता. मग त्याने वाटीत पांढरा घेतला, त्यात काडीच्या टोकाने पिवळी माती, अगदी चिमटीभर काळा, आणि र च्या शेजारी धरून बघितलं. तोही जमला. सायीचा तोच रंग. तो वाटीकडे बघत राहिला. दोन तासांचं काम होतं. तीन अक्षरं भरायची, केसांच्या रेघाही कोरड्या ब्रशाने काढता येतात, त्याला येत होत्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. जगात कुणाला कळणार होतं? उस्ताद असते तर त्यांना कळलं असतं, आणि ते नव्हते. त्याने ब्रश भिजवला, थं च्या डोक्यावर एक रेघ ओढली, आणि लगेच कापसाने पुसून टाकली. कापूस डब्यात ठेवला, क्रमाने. वाटीवर बशी झाकली. पुन्हा बशी काढली. असं तो चार वाजेपर्यंत करत होता. बायकोने जेवायला दोनदा हाक मारली, ती त्याला ऐकू आली नाही.

ती चारच्या पाच मिनिटं आधीच आली. बोटीच्या वेळा पाळायची सवय. हातात पिशवी, पायात आवाज न करणाऱ्या चपला. दाराशी थांबून तिने आत बघितलं आणि एकदम हात तोंडावर नेला. मग हळूहळू पुढे आली, खुर्ची चाचपत, मध्येच स्टुलाला गुडघा लागला. मशीनपासून चार पावलांवर उभी राहिली. धक्क्यावर तिकीट खिडकी जेवढ्या अंतरावर असे तेवढ्यावर.

"अगं बाई," ती म्हणाली. "अगदी तोच. अगदी तोच रंग. अक्षरंसुद्धा तशीच हो! काही फरक नाही."

 ती जवळ गेली, वाकली, आणि हाताने चाचपत र च्या शेपटीपर्यंत पोचली. बोट ओघळावर थांबलं. "आहे, आहे," ती स्वतःशीच म्हणाली, आणि तिच्या गालावरून पाणी आलं, ते तिने पिशवीच्या बंदाने पुसलं. मग तिने तेच बोट मागे नेलं, गा वरून, ड वरून, थं वरून.  बोटाला काही कळलं नाही. "किती गुळगुळीत केलंत," ती कौतुकाने म्हणाली.

त्याच्या लक्षात आलं ते तेव्हा. ती अक्षराच्या इतकी जवळ, नाक टेकेल इतकी जवळ वाकली होती. आणि चष्म्यामागची बुबुळं धुरकट होती. तीन महिन्यांत त्याने तिच्या डोळ्यांकडे एकदाही बघितलं नव्हतं. वाटीची, ब्रशाची, कशाचीच गरज नव्हती. तिला सगळं तसंच दिसत होतं, कालपरवापर्यंत त्याला दिसत होतं तसं. त्याच्या अंगावरून एक मोठं ओझं उतरलं, आणि ते उतरल्याचं सुख वाटतं न वाटतं तोच त्याला त्या सुखाची किळस आली.

ती स्टुलावर बसली आणि इकडच्या तिकडच्या गोष्टी बोलू लागली. टेंपोवाला उद्या येईल. मशीन खोलीत खिडकीसमोर ठेवणार. सुनेने नाक मुरडलं, पण मुलाने जागा करून दिली. मग तिने त्याच्याकडे मान कलती करून बघितलं. "तुमचं ऑपरेशन झालं ना? दुखतं का हो?"

"नाही. मुंगी चावल्याइतकंही नाही."

"मलाही करायला सांगितलंय. दोन वर्षं झाली. मी टाळतेय. डोळ्यात सुरी म्हटलं की पोटात गोळाच येतो." तिने चष्मा वर सरकवला. "घरचे सांगतात, पण त्यांच्या सांगण्यात दम नाही. तुमचं काम डोळ्यांचं. तुम्ही सांगा. करून घेऊ का? काही फरक पडतो?"

पंप मारणारा कधीच निघून गेला होता, गल्ली शांत होती. तो आपल्या हातांकडे बघत होता. कशाला करताय या वयात, एवढं म्हटलं तरी पुरे होतं. तिला तेच ऐकायचं होतं, ती समोर कान देऊन बसली होती. आणि तसं म्हणणारी माणसं असतातच की जगात, चांगल्या मनाने म्हणतात. उस्तादांना चार वर्षं सगळ्यांनी हेच म्हटलं. बसा आता, आराम करा.

"करून घ्या," तो म्हणाला. "उशीर करू नका. आणि मशीन उद्या नेऊ नका."

"का?"

"बाई, माझा शर्ट कसला आहे?"

ती गोंधळली. "कसला म्हणजे? पांढरा. मघाशीच म्हणणार होते, आजारी माणूस पण शर्ट कसा शुभ्र!"

"निळा आहे. आकाशी. इथून जाताना शेजारच्या कुणालाही विचारा." आणि मग त्याने सांगितलं. आधी शर्टांचं, ते सोपं होतं. मग कापसाचं. डबा उघडून तिच्या मांडीवर ठेवला, जरी तिला त्यातलं काही दिसणार नव्हतं. "लाल तुमचाच आहे, तो मी तुमच्या तोंडावर सांगतो, त्यात खोट नाही. र तुमचा आहे. बाकीची तीन अक्षरं मी घासून टाकली. मळ नव्हता. माझ्याच डोळ्यांना तसं दिसत होतं. ती आता परत येणार नाहीत."

तिने डब्याच्या कडेवरून बोट फिरवलं. "पण मला तर छान दिसतंय," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता.

"म्हणून तर सांगतोय."

"मग सांगितलंत कशाला?" ती एकदम चिडली. "मी सुखाने घेऊन गेले असते! दहा मिनिटं झाली नाहीत मला आनंद होऊन. एवढं काय अडलं होतं तुमचं?"

 ती बरोबर बोलत होती. उत्तर होतं ते एका खुर्चीचं होतं आणि त्या खुर्चीशी हिचा काही संबंध नव्हता. तिने डबा उचलून बाजूला ठेवला, उठली, दारापर्यंत गेली. तो मनात म्हणाला, जाऊ दे, तिचा हक्क आहे. दाराशी ती पाठमोरी उभी राहिली. तिकिटं संपल्यावर खिडकी लावून घेणारी बाई अशीच क्षणभर उभी राहत असेल. मग ती परत आली आणि स्टूल ओढून मशीनसमोर बसली.

"मी आंधळी म्हणून फसवलं असतंत, आणि मला नंतर दिसलं असतं, तर मी तुमचं तोंड बघितलं नसतं," ती म्हणाली. राग अजून गेला नव्हता. "ऑपरेशन होईपर्यंत हे इथेच राहू दे. आणि काही भरायचं नाही. एक ठिपका नाही. काय गेलंय ते आधी मी माझ्या डोळ्यांनी बघणार, मग ठरवू."

"बरं."

"बरं काय! आत्ता सांगा." तिने पिशवी मांडीवर घेतली, हात तिच्यावर ठेवले. "सव्वीस वर्षं मी बघितलंय. तुम्ही नव्या डोळ्याने बघितलंय. खरं कसं आहे ते नीट सांगा. काही राखून ठेवू नका, आणि मला बरं वाटावं म्हणून एक शब्दही बोलू नका."

तो दाराशेजारच्या लाकडी खुर्चीकडे गेला. कितीतरी वर्षं तिच्यावर कुणी बसलं नव्हतं, नुसते डबे ठेवलेले असायचे. तिच्यावरचे डबे खाली ठेवून त्याने ती तिकीटबाईच्या स्टुलाशेजारी मांडली आणि तिच्यावर बसला. मग डावा डोळा तळहाताने झाकला.

"थं पासून सांगतो," तो म्हणाला. "थं गेलाय. कडेला नुसतं राखाडी आहे."

"पुढे," तिकीटबाई म्हणाली.